घराची किंमत आणि घरातला आपला वाटा

स्वतःच्या घरावर कर्ज किती आणि कसे मिळते, हे तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. बँकेच्या कर्ज विभागात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे सोसायटीची सभा असो वा लग्नाचा मांडव, एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "आमच्या फ्लॅटची किंमत आता कोटीच्या घरात गेली आहे, तर त्यावर आम्हाला किती कर्ज मिळेल?" याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. शिवाय विचारणाऱ्याच्या मनात घराची पूर्ण किंमत असते आणि तिच्यातला त्याचा स्वतःचा वाटा किती, हे त्याने बहुधा कधी मोजलेलेच नसते.

घराची आजची बाजारातली किंमत आणि घरावरचे शिल्लक कर्ज यांतला फरक म्हणजे हा वाटा. अमेरिकेत राहणारे आपले नातेवाईक ज्याला 'होम इक्विटी' म्हणतात तो हाच. समजा, एखाद्याने 65 लाखांचा फ्लॅट घेताना 15 लाख स्वतःचे घातले आणि 50 लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी काढले. त्याचा मासिक हप्ता सुमारे 43,400 रुपये येतो. पण पहिल्या हप्त्यातले 35,400 रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल जेमतेम आठ हजारांनी कमी होते. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवता सुमारे 52 लाख रुपये भरल्यानंतरही त्याच्या नावावर 35 लाखांचे कर्ज शिल्लक असते. हा तक्ता मी कागदावर मांडून दाखवला की अनेकांचे चेहरे उतरतात, आणि ते मला अजूनही बघवत नाही, कारण कर्ज घेताना हे त्यांना कोणी शांतपणे बसवून समजावून सांगितलेले नसते.

आता तोच फ्लॅट एक कोटीचा झाला असेल, तर मालकाचा वाटा 65 लाखांचा होतो. तरीही बँक 65 लाख देत नाही. ती आपल्या मूल्यांककाला पाठवते, आणि त्याने काढलेली किंमत शेजारच्या फ्लॅटच्या सौद्यापेक्षा पुष्कळदा कमी भरते. मालमत्ता तारण कर्जात, म्हणजे असलेले घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जात, या किमतीच्या साधारण 50 ते 65 टक्क्यांपर्यंतच बँका जातात. साठ टक्के धरले, तर जुने 35 लाख वजा जाता हाती 25 लाखच उरतात, आणि तेही तुमचे उत्पन्न दोन्ही हप्ते पेलत असेल तरच. कर्ज फेडायचे असते ते पगारातून किंवा धंद्यातून, आणि घराची किंमत दुप्पट झाल्याने पगार दुप्पट होत नसतो.

घरावर पैसे उभे करण्याच्या मार्गांपैकी सर्वांत सोपा म्हणजे चालू गृहकर्जावरचा टॉप-अप, म्हणजे त्याच बँकेकडून त्याच घरावर घेतलेले वाढीव कर्ज. मूळ कागदपत्रे आधीच बँकेकडे असतात, हप्ते वेळेवर गेलेले असले की मंजुरी लवकर मिळते आणि व्याजदरही गृहकर्जाच्या जवळपास असतो. येथे मुदतीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. नऊ टक्क्यांनी घेतलेले दहा लाख पाच वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे 20,760 रुपये आणि एकूण व्याज अडीच लाखांच्या आत बसते. पंधरा वर्षांत फेडले, तर हप्ता 10,140 वर येतो, पण व्याज सव्वाआठ लाखांवर जाते. मुलीच्या लग्नाचे कर्ज नातवंडे शाळेत जाऊ लागल्यावरही फेडत राहणारी घरे मी पाहिली आहेत.

घर कर्जमुक्त असेल, तर मालमत्ता तारण कर्ज, म्हणजे ज्याला बाजारात 'मॉर्गेज लोन' म्हणतात ते, घेता येते. त्याचा दर गृहकर्जाहून जास्त असतो. त्यासाठी नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा गोषवारा) आणि सोसायटीचे भागप्रमाणपत्र लागते, शिवाय सर्व सहमालकांच्या सह्या लागतात. वडिलांच्या पश्चात वारसनोंद झालेली नसेल, तर प्रकरण तिथेच अडते. गरज एकरकमी नसून अधूनमधून लागणारी असेल, विशेषतः धंदा असेल, तर तारणावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा पैसे उचलण्याची सोय, अधिक बरा, कारण जेवढे उचलाल तेवढ्यावरच व्याज लागते.

सही करण्यापूर्वी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. हप्ते 90 दिवस थकले की खाते अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्जाचे (एनपीए), ठरते आणि 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देऊन बँक न्यायालयात न जाताही घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले. तुमच्या बाजूनेही एक नियम आहे: कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत, आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दररोज 5,000 रुपये भरपाई देण्याचे रिझर्व्ह बँकेचे बंधन 1 डिसेंबर 2023 पासून आहे.

ज्यांच्याकडे घर आहे पण उत्पन्न नाही, अशा ज्येष्ठांसाठी हे मार्ग उपयोगाचे नाहीत. त्यांच्यासाठी 2007 पासून रिव्हर्स मॉर्गेज आहे, आणि ते इतके थोडे लोक वापरतात याचे मला मनापासून वाईट वाटते. वयाची साठ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वतःच्या राहत्या घरावर बँक जास्तीत जास्त 20 वर्षे ठरावीक रक्कम देत राहते. हप्ता भरावा लागत नाही, मिळालेल्या पैशावर प्राप्तिकर नाही आणि मुदत संपली तरी हयात असेपर्यंत त्याच घरात राहता येते. व्याज मात्र साठत जाते, आणि इमारतीचे आयुष्य किमान 20 वर्षे उरलेले असावे लागते, त्यामुळे पुनर्विकासाच्या उंबरठ्यावरच्या जुन्या सोसायट्यांत अर्ज अडतो.

कोथरूडच्या एका काकूंना ही योजना समजावून सांगितली, तेव्हा "मुलांना काय वाटेल?" एवढेच त्या म्हणाल्या. मी त्यांना मुलांसह बोलावले आणि वारसांविषयीचे कलम सर्वांदेखत वाचले: आईवडिलांच्या पश्चात कर्ज फेडून घर सोडवण्याची पहिली संधी वारसांना मिळते, घर विकावे लागले तर उरलेली रक्कम त्यांचीच, आणि विक्रीतून कर्ज पुरते फिटले नाही तरी बाकी त्यांच्याकडून वसूल करता येत नाही.