बोटीतला स्टिरिओ आणि अण्णांची पकड

मे महिन्यातल्या एका शनिवारी बोटीचं कव्हर काढलं, बॅटरी जोडली आणि स्टिरिओचं बटण दाबलं. दिवासुद्धा लागला नाही. मग डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मारला आणि पोटात गोळा आला.

आधीच्या मालकाने कधीतरी गाडीतला साधा स्टिरिओ उचलून बोटीत बसवला होता. वायरी नुसत्या पिळा मारून जोडलेल्या, वरून काळी टेप, तीही उन्हाने सुटून लोंबत होती. तांबं हिरवं पडलेलं. एक वायर जरा ओढली तर हातात आली, आतून अगदी भुगा. पण गोळा आला तो याने नाही. बॅटरीपासून निघालेली लाल वायर पेट्रोलच्या टाकीला घासून पुढे आली होती आणि तिला कुठेही फ्यूज नव्हता. चार उन्हाळे आम्ही पोरांना घेऊन या वायरीसोबत तळ्यात फिरत होतो.

आम्ही मिनेसोटात राहतो. एप्रिलमध्ये तळ्यांवरचा बर्फ फुटतो आणि ऑक्टोबरात बोटी बाहेर निघतात, म्हणजे पाण्याचे दिवस जेमतेम पाच-सहा महिने. आमची बोट जुनी, वीसेक फुटांची, वॉटर स्कीइंगसाठीच बांधलेली. इंजिन बरोबर मध्यभागी, पेटीसारख्या झाकणाखाली, आणि त्याच्यापुढे एक आखूड खांब. त्या खांबाला दोर बांधतात आणि दोराच्या टोकाला माझी मुलगी. हा खेळ जन्मला तोही इथलाच. १९२२ च्या उन्हाळ्यात लेक पेपिनवर राल्फ सॅम्युअलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने पाइनच्या फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवली, त्या पायांना बांधल्या आणि बोटीमागे उभा राहिला. तळ्याकाठच्या लेक सिटी गावावरून जाताना मी दर वेळी मुलांना ते तळं दाखवते.

स्कीइंग करणारा माणूस पाण्यात दहा-पंधरा मिनिटंच असतो. बाकीचे बोटीत बसून वाट बघत असतात. दुपारभर नांगर टाकून डबे उघडायचे, कोणीतरी पोहतंय, कोणीतरी लोळतंय. तिथे गाणं लागतं. मुलगी म्हणाली, ब्लूटूथचा छोटा डबा घेऊन जाऊ की. तो आम्ही नेलाही होता, पण इंजिन चालू झालं की त्यातलं काही ऐकू येत नाही. शिवाय ती लाल वायर तर काढायलाच हवी होती. मग ठरवलं, आता सगळं मुळापासून करायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अण्णा आले. माझे वडील सांगलीला वीज मंडळात वायरमन होते, एकतीस वर्षं. गॅरेजमध्ये बोट ट्रेलरवर होती. अण्णांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, आत वाकून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हिचं अर्थिंग कुठाय?"

हा प्रश्न लाखमोलाचा होता. गाडीत बॅटरीची निगेटिव्ह बाजू पत्र्याला जोडलेली असते, त्यामुळे स्टिरिओची काळी वायर जवळच्या कुठल्याही बोल्टला लावली तरी भागतं. बोट फायबरची, तिच्यातून वीज जात नाही. म्हणजे जेवढ्या वायरी बॅटरीकडून जातात तेवढ्याच परत आणाव्या लागतात. वायरची लांबी मोजताना जाणं-येणं दोन्ही धरायचं, हे पहिल्यांदाच बोटीचं काम करणारे हमखास विसरतात.

आमचा हिशोब असा झाला. ॲम्प्लिफायर चार चॅनलचा, प्रत्येकी ७५ वॅट, म्हणजे ३०० वॅट. क्लास डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणाऱ्या प्रकारचा असल्याने शंभरातली ऐंशी वीज आवाजात जाते, बाकीची उष्णतेत. म्हणजे बॅटरीतून पावणेचारशे वॅट, १२.५ व्होल्टला ३० ॲम्पिअर. बॅटरी मागच्या सीटखाली, ॲम्प्लिफायर पुढे डॅशबोर्डच्या पोकळीत, अंतर बारा फूट, जाऊन-येऊन चोवीस. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. ८ गेजची घेतली असती तर पूर्ण आवाजाला जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच गेला असता. ६ गेजमध्ये पाव व्होल्टाच्या आसपास जातो. अण्णांचं आयुष्य तीन-वीस, सात-वीसच्या (वीस गेजच्या तीन किंवा सात तारांच्या) वायरी आणि पुढे स्क्वेअर एमएम यांत गेलं. त्यांनी गेजचा तक्ता बाजूला ठेवला, वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या पद्धतीने आकडे मांडले आणि म्हणाले, "दहाची कमी पडेल, सोळाची जास्त. तुझी ती सहा गेज मधली आहे. घे." ६ गेज म्हणजे साधारण १३.३ स्क्वेअर एमएम.

वायर मात्र कल्हई केलेल्या तांब्याचीच घ्या. हार्डवेअरच्या दुकानात दिसते ती लालसर तांब्याची वायर बोटीत दोन-तीन वर्षांत काळी-हिरवी पडते, कारण दमट हवा टोकातून शिरते आणि बारीक तारांमधून आत-आत चढत जाते. वरून प्लॅस्टिक ठणठणीत दिसतं आणि आत भुगा झालेला असतो, आमच्या जुन्या वायरीसारखा. प्रत्येक तारेला कथलाचा मुलामा असलेली, बोटीसाठीच बनवलेली वायर महाग पडते. मी बाकी सगळीकडे काटकसर केली, इथे केली नाही. आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते, तिला तर हातही लावू नका.

थिंबलवरून, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपणावरून, आमचा वाद झाला. अण्णांचं म्हणणं, थिंबल लावायचं आणि वरून सोल्डरचा डाग द्यायचा, जोड आयुष्यभर हलणार नाही. माझं म्हणणं, बोटीत नुसता डाग चालत नाही. सोल्डर वायरीत थोडं वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि तो जिथे संपतो तिथे इंजिनाच्या थरथरीने वायर तुटते. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी वायरीचे दोन तुकडे घेतले. एकाला डाग दिला, दुसऱ्याला माझ्या रॅचेटच्या पकडीने थिंबल दाबलं. मग दोन्ही व्हाइसमध्ये धरून एकेक करून पुढे-मागे वाकवत, तोंडाने मोजत बसले. डाग दिलेली वायर आधी तुटली, बरोबर सोल्डरच्या कडेला. अण्णांनी ती उजेडात धरून नीट बघितली आणि म्हणाले, "दाबूनच लाव. पण ओढून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही."

तेव्हापासून सगळी थिंबलं अण्णांनीच दाबली. पाव इंच वायर सोलायची, एकही तार कापली जाता कामा नये. तारा जशा वळलेल्या आहेत त्याच दिशेने बोटांनी हलकासा पीळ द्यायचा, थिंबलात सारायची, पकड पूर्ण मिटून आपोआप सुटेपर्यंत दाबायची. मग दोन्ही हातांनी जोरात ओढायचं. या थिंबलांवर आतून गोंद असलेली नळी असते. हीट गन फिरवली की ती आक्रसते आणि दोन्ही तोंडांशी गोंदाचं बारीकसं कडं बाहेर येतं. ते कडं पूर्ण गोल दिसलं की पाणी आत जाणार नाही हे नक्की. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून प्रत्येक थिंबल डोळ्यांजवळ नेऊन फिरवून बघत. चाळीसच्या वर थिंबलं होती. तीन त्यांनी कापून टाकली.

फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत. अमेरिकेत बोटींच्या वायरिंगचे जे नियम आहेत त्यांत हे अंतर दिलेलं आहे. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, स्टिरिओला नाही, म्हणून तो बॅटरीकडच्या टोकाला हवा. आणि ॲम्प्लिफायर इंजिनाच्या झाकणाखाली किंवा टाकीच्या कप्प्यात कधीही बसवू नका, कितीही सोयीची जागा वाटली तरी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते. तिथे ठिणगी पाडू शकणारी कुठलीही वस्तू नको, असायलाच हवी असेल तर ठिणगी आत कोंडून ठेवणारी खास बनावट हवी. आमच्या बॅटरीचा स्विच तसा आहे. इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे तळाची हवा बाहेर फेकणारा पंखा, चालवायचा हा नियमही त्याच वाफेसाठी. मुलं आता ब्लोअर लावला की घड्याळ बघतात.

भोकं पाडायचा दिवस मी तीनदा पुढे ढकलला. साडेसहा इंची चार स्पीकर, प्रत्येकाला पाच इंचांचं भोक, आणि बोटीला एकदा पाडलेलं भोक बुजत नाही. आधी पॅनेलच्या मागे हात घालून चाचपलं. मागे स्टिअरिंगची केबल आहे का, स्पीकरच्या चुंबकाची खोली मावते का. पुठ्ठ्याचा गोल कापून चिकटवला, सीटवर बसून गुडघा कुठे येतो ते बघितलं. मग निळी टेप लावली, कारण फायबरवरचा तो चकचकीत थर काचेसारखा टवका उडून फुटतो. होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, आधी उलटा फिरवायचा. उलटे दात कापत नाहीत, खरवडतात, आणि वरच्या थरात स्वच्छ चर पडते. चर पूर्ण झाली की मग सुलटा. मास्क आणि चष्मा हवाच, फायबरची पूड दोन दिवस खाजते. पहिला गोल सुटून आत पडला आणि कडेला एकही टवका नव्हता, तेव्हा मी खाली गॅरेजच्या फरशीवर बसले आणि अण्णांना चहा करायला सांगितला.

स्पीकरची प्लस-मायनस तपासायची अण्णांची रीत मला फार आवडली. पेन्सिल सेल घ्यायचा आणि स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवायचा. पडदा बाहेर आला तर सेलची प्लस ती स्पीकरची प्लस. आत गेला तर उलटं. चारांतला एक जरी उलटा लागला तरी खर्जाचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो आणि गाणं पोकळ वाटतं, आणि माणूस बिचारा स्पीकरला दोष देतो.

बॅटऱ्या आता दोन आहेत. एक फक्त इंजिन सुरू करायला, दुसरी गाण्यासाठी, ८० ॲम्पिअर-तासांची. तिच्यातली निम्मीच वापरायची असं ठरवलं आहे. गाणं नेहमीच्या आवाजात सरासरी आठेक ॲम्पिअर ओढतं, म्हणजे पाच तास. मध्ये एक रिले आहे. इंजिन चालू असताना तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, बंद झालं की तोडतो. तळ्याच्या मध्यभागी संध्याकाळी इंजिन सुरू न होणं काय असतं ते शेजारच्या बोटीवर मी बघितलं आहे, दोन लहान मुलं रडत होती. आणखी एक, स्टिरिओची पिवळी वायर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला सतत वीज घेते. आमची बोट आठवडाभर उभीच असते, म्हणून ती अशी जोडली की मुख्य स्विच बंद केला की तिचीही वीज बंद. स्टेशनं विसरली तरी चालतील.

एवढं सगळं करून चार जुलैला पाण्यात गेलो, इंजिन चालू केलं आणि स्पीकरमधून कुईं असा आवाज. वेग वाढवला की तो चढायचा, कमी केला की उतरायचा. मला रडू यायचं बाकी होतं. अण्णा पुढे वाकून ऐकत होते. म्हणाले, "अर्थिंग दोन ठिकाणी दिलंयस काय?" दिलं होतं. ॲम्प्लिफायरची काळी वायर थेट बॅटरीकडे आणि स्टिरिओची काळी डॅशबोर्डवरच्या जुन्या जोडाला, जिथे बाकीचे मीटर लावलेले आहेत. दोन जागांमध्ये व्होल्टचा किंचित फरक, आणि तो फरक आवाजाच्या केबलवरून ॲम्प्लिफायरमध्ये शिरत होता. इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा वेग गाण्यात ऐकू येत होता. त्याच रात्री स्टिरिओची काळी वायर काढून ॲम्प्लिफायरशेजारच्या पितळी पट्टीवर आणली. दुसऱ्या दिवशी इंजिन पुढे रेटलं, गाणं तेवढंच राहिलं, मागे काही नाही. अण्णांनी मांडीवर ताल धरला.

एक गोष्ट मी सुरुवातीलाच ठरवली होती, आवाज बंद करायचं बटण स्टिअरिंगच्या उजवीकडे, अंगठ्याखाली. दोराच्या टोकाला असलेल्या मुलीला गाणं ऐकू येतच नाही, ती ७५ फूट मागे असते. ती हाताने बोलते. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, डोक्यावर थाप म्हणजे धक्क्याकडे परत. मिनेसोटात चालवणाऱ्याशिवाय मागे बघणारा आणखी एक जण किंवा मागचं रुंद दाखवणारा आरसा असावाच लागतो. आमच्याकडे दोन्ही असतं. ती पडली की मागे बघणारा ओरडतो आणि ती ओरड मला ऐकू यायलाच हवी. म्हणून मुलगी पाण्यात उतरली की गाणं बंद. यावर आमच्याकडे चर्चा नाही.

सूर्य कलल्यावर आवाज मी निम्म्यावर आणते. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार होते, वरची ऊबदार राहते, आणि आवाज वर न जाता खाली वळून पाण्यावरून लांबवर पसरतो. पलीकडच्या काठावर ओट्यावर बसलेल्या माणसाला आपलं गाणं शब्दान् शब्द ऐकू जातं. त्याला ते हवं असेलच असं नाही.

ऑगस्टअखेर अण्णा सांगलीला परतले. ऑक्टोबरात बोट तळ्यातून काढली, तळाची बुच्ची काढून पाणी सोडलं, इंजिनात अँटीफ्रीझ भरलं. मग मागची सीट उचलली आणि एकेक थिंबल टॉर्चखाली धरलं. गोंदाची कडी जागेवर, कुठे हिरवा ठिपका नाही. बॅटरीजवळच्या जोडांचे फोटो काढून अण्णांना पाठवले. तिकडे पहाट होती, तरी पाच मिनिटांत उत्तर आलं, "निगेटिव्हचा बोल्ट अर्धा आटा ढिला दिसतोय. आवळून घे."

पान्हा लावून बघितलं. ढिला होता.