करमतं का गं तिकडे?

आईचा फोन रविवारी येतो. माझे सकाळचे आठ, पंचवटीत साडेअकरा. इथली घड्याळं हिवाळ्यात तासभर मागे सरकतात, तेव्हा साडेबारा. जेवण, थंडी, शेजारणीचे गुडघे झाले की तिचा ठरलेला प्रश्न येतो, "करमतं का गं तिकडे?" मी "हो" म्हणते. अगदीच खोटं नसतं.

इथे स्वित्झर्लंडमध्ये, बासेलला, जर्मनच्या वर्गात 'हाइमवे' शब्द आला. हाइम म्हणजे घर, वे म्हणजे दुखणं. तुमच्याकडे काय म्हणतात, असं बाईंनी विचारलं. मी ऐटीत 'विरह' सांगून मोकळी झाले. परतताना ट्राममध्ये लक्षात आलं, हा शब्द मी जन्मात कधी बोललेले नाही. "आई, मला तुझा विरह होतोय" म्हटलं, तर ती आधी कपाळाला हात लावून ताप बघेल.

गंमत म्हणजे हाइमवेला ग्रीक नाव याच गावात मिळालं. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं इथल्या विद्यापीठात वैद्यकाचा प्रबंध लिहिला आणि 'नोस्तोस' म्हणजे परतणं, 'आल्गोस' म्हणजे वेदना, असे दोन शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' घडवला. त्याच्या लेखी तो चक्क आजार होता. त्यानं सांगितलेला एक रोगी म्हणजे बर्नहून बासेलला शिकायला आलेला विद्यार्थी. पार खंगला होता, घरी न्यायला निघाले तसा वाटेतच सुधारू लागला. बर्न इथून आगगाडीनं तासाभरावर! म्हणजे आपलं नाशिकरोड ते इगतपुरी. हसू नका, तेव्हा आगगाडी नव्हती.

विरहाचा धातू 'रह्', सोडणं, टाकणं. 'रहस्य' त्याच धातूचं. हे वाचलं आणि लहानपणी सीतागुंफेत वाकून शिरताना ऐकलेली गोष्ट आठवली. सीता नाहीशी झाल्यावर राम झाडांना विचारत फिरला, पण गोदावरीला, म्हणजे आमच्या गंगेला, ठाऊक असूनही रावणाच्या भीतीनं ती बोलली नाही, असं वाल्मीकी सांगतात. विरह आमच्याच घाटावरचा, रहस्यही तिथलंच.

पण आईचा शब्द वेगळाच. करमणं आलं 'क्रमणे'वरून, काळ क्रमणं, म्हणजे वेळ पुढे सरणं. करमणूकही त्यातलीच. त्यात ना घर, ना दुखणं, ना कुणी कुणाला टाकलेलं. करमत नाही म्हणजे दिवस सरत नाही, एवढंच. पुढच्या वर्गात मी माझं उत्तर बदललं. बाईंनी फळ्यावर 'करमत नाही' लिहून घेतलं, 'ळ' नसल्यामुळे बरंही लिहिलं.

गेल्या रविवारी पहिल्यांदाच मी उलटं विचारलं, "आणि तुला करमतं का?"

"मला काय धाड भरलीये," आई म्हणाली. मग जरा थांबून, "बुधवारी गंगेवर बाजार असतो ना, तो दिवस बरा जातो."