दीवमधले चार दिवस

रविवार, ९ फेब्रुवारी

गाडीत बसून लिहितेय. बोरिवलीहून वेरावळची गाडी, स्लीपरचं तिकीट, थंडी अजून पुरती गेलेली नाहीये त्यामुळे एसीची गरजच वाटली नाही, खिडकी अर्धी उघडी ठेवली की मस्त वारा येतो. वसई मागे पडली तेव्हा दोघंही खिडकीतून आपली बिल्डिंग दिसते का ते बघत होतो. दिसत नाही हे दोघांनाही माहितीये, तरी बघितलं.

लग्नानंतर अकरा वर्षांत दोघंच असे कधी कुठे गेलोच नव्हतो, आधी लेक लहान होती मग सासऱ्यांचं आजारपण सुरू झालं, दीड वर्ष हॉस्पिटलच्या फेऱ्या, आणि मागच्या दिवाळीच्या आधी ते गेले. साठवलेलं बरंचसं त्यात संपलं. त्याचं वाईट वाटत नाही, माणसासाठीच असतात पैसे. पण तेव्हापासून ह्याने एक निळ्या कव्हरची वही केलीय, त्यात रोजचा रुपया न रुपया लिहितो, आधी औषधांची बिलं लिहायचा, आता भाजी दूध सगळं. ती वही आत्ता पण सॅकमध्ये आहे.

सासूबाईच म्हणाल्या, जाऊन या रे दोघं, मी आणि नात आहोत घरी. मग बजेट ठरवलं, पंधरा हजार, त्यात सगळं बसवायचं. अंदमानचं बघितलं तर विमानाच्या तिकिटांतच पंधरा हजारांच्या वर जात होते. दीव हे ह्याच्या डोक्यातून आलं. बेटच आहे ते, सौराष्ट्राच्या टोकाला, मधे खाडी आणि त्यावर पूल. आणि सोमवार ते शुक्रवार जायचं कारण शनिवार-रविवारी अख्खं गुजरात तिथे उतरतं (गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही) आणि रूमचे भाव पण चढतात.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी वेरावळला उतरलो, चहा घेतला, मग कोडिनार-उना करत बसने दीव. बस खडखडत होती पण बाहेर नारळ, ऊस आणि मधेच पवनचक्क्या, डुलकी लागली ती पूल आल्यावरच डोळे उघडले.

रूम दिवसाला अकराशे. छोटी, स्वच्छ, गॅलरीतून समुद्राची एक पट्टी दिसते. मालकीणबाई गुजराती बोलतात, वसईच्या माणसाला तेवढं जमतंच. आल्यावर फिरायला जायचं ठरवलं होतं पण आडवे झालो ते सरळ साडेचारला उठलो. दुपारी तीन तास झोप! मला आठवत नाही आम्ही दोघं एकाच वेळी दुपारी कधी झोपलो होतो. घरी कोणीतरी एक जागं असायचंच, सलाईनकडे बघायला, नाहीतर औषधाच्या वेळेला.

संध्याकाळी बंदरावर चालत गेलो. समोर पाण्यात पाणीकोठा, छोटा जलदुर्ग, लांबून दगडाची होडी नांगरून ठेवल्यासारखा दिसतो. बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले. वहीत लिहिलं, शेंगदाणे वीस.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

स्कूटी घेतली, दिवसाचे चारशे, आणि नागव्याला गेलो. घोड्याच्या नालेसारखा किनारा आहे, लाटा शांत. एका बाजूला पॅरासेलिंग, बनाना राइड, जेट स्की सगळं चालू होतं, आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो जिथे कोणी नव्हतं.

इथे ती होक्याची झाडं आहेत. ताडासारखंच झाड पण खोडाला फांद्या फुटतात, एकाचे दोन दोनाचे चार. आमच्याकडे वसईच्या किनाऱ्याला पण तुरळक दिसतात, आम्ही रावणताड म्हणतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणलं असं इथले लोक सांगतात. खाली पडलेलं एक फळ उचललं, लालसर तपकिरी, नारळासारखं टणक. मी आयुष्यभर ते झाड बघत आलेय पण त्याच्या सावलीत कधी बसले नव्हते, आज चादर टाकून पाच तास बसलो.

पाच तास काय केलं तर काहीच नाही. पाण्यात जायचं, यायचं, पडायचं. राइडला पैसे घालायचे नव्हते, म्हणजे काही "करायला" नव्हतंच. आणि मला वाटतं म्हणूनच तो बोलला. कशावरून विषय निघाला आठवत नाही, मी बहुतेक लेकीच्या शाळेचं काहीतरी सांगत होते, आणि मधेच हा म्हणाला, "बाबांनी शेवटच्या रात्री पाणी मागितलं होतं, नर्स म्हणाली द्यायचं नाही, मी नाही दिलं." समुद्राकडे बघतच बोलला. मी काही म्हणाले नाही. मग हळूहळू सगळंच आलं, त्या खुर्चीवर बसून काढलेल्या रात्री, पहाटे चार वाजता कॅन्टीनमधला चहा, कुठल्या बिलाच्या वेळी कोणाला फोन केला आणि तो फोन करताना काय वाटलं. तीन महिने घरात कोणी बाबांचं नाव काढलं की हा उठून दुसऱ्या खोलीत जायचा. आईंनी काही म्हटलं तरी उठायचा. मला वाटायचं राग आहे. राग नव्हताच तो.

मी फक्त एवढंच म्हणाले की डॉक्टरांनीच नको सांगितलं होतं, तू तुझ्या मनाने नाही केलंस. त्याने मान हलवली. पटलं का माहीत नाही. मग उठून पाण्यात गेला आणि बराच वेळ उताणा तरंगत राहिला, मी काठावरून बघत होते.

जेवलो शेवटी तीन वाजता, एका छोट्या खानावळीत, बांगडा आणि भात, दोघांचे तीनशे वीस. वही रूमवरच राहिली होती.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज माघी पौर्णिमा. सकाळी किल्ला बघितला आणि मला खूप वेळ घरीच असल्यासारखं वाटत होतं. तोच दगड, तशाच कमानी, पोर्तुगीज अक्षरांच्या शिळा, तोफा. नातं खरंच आहे म्हणा. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने हुमायूनच्या भीतीने पोर्तुगीजांशी तह केला, १५३४ मध्ये वसई दिली आणि पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधायची परवानगी. एकाच माणसाने एकाच अडचणीत दिलेली दोन गावं. तो स्वतः १५३७ मध्ये इथेच दीवच्या समुद्रात मेला. पुढे १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्यामुळे आमच्या किल्ल्याला आतून झाडांनी गिळलंय. दीव मात्र १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांकडेच होतं, मग गोव्याबरोबरच सुटलं आणि १९८७ पर्यंत गोव्याच्याच कारभारात होतं. म्हणून इथला किल्ला अजून कालपर्यंत वापरात असल्यासारखा वाटतो. मला वसईचाच जास्त आवडतो, हे माहेरच्या ओढीने बोलतेय, पण तरी.

भरतीच्या वेळेला फुदमला गंगेश्वरला गेलो. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, पांडवांनी स्थापली म्हणतात, आणि समुद्र स्वतः येऊन अभिषेक करतो. पौर्णिमेची भरती त्यामुळे पाणी जोरात आत येत होतं. लाट आली की सगळं बुडायचं, लाट गेली की काळे कुळकुळीत दगड परत वर. हा हात जोडून बराच वेळ उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत भिजली. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

रात्री परत बंदरावर. पाणीकोठ्याच्या बाजूने चंद्र वर आला, आधी केशरी मग पिवळा, पाण्यावर त्याची लांब पट्टी. दोन आईस्क्रीम घेतली. आज वहीत त्याने लिहिलं नाही, मी लिहिलं, ऐंशी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पहाटे उठून वणाकबाऱ्याला, बेटाच्या पश्चिम टोकाला. मच्छीमारांचं गाव, रंगीत बोटींची गर्दी, किनाऱ्यावर नवीन बोटी बांधायचं काम चाललेलं. बाया टोपल्या घेऊन भावावरून भांडत होत्या, गुजरातीत, पण सूर अगदी आमच्या पाचूबंदरचाच. काठ्यांवर ओळीने बोंबील वाळत होते. हा थांबला. सासऱ्यांना सुके बोंबील म्हणजे जीव की प्राण. शेवटचे सहा महिने मीठ बंद होतं त्यामुळे ते पण बंद झाले होते. काही न बोलता त्याने सहाशेचे बोंबील घेतले, घासाघीस पण केली नाही.

दुपारी खुकरी स्मारक. ९ डिसेंबर १९७१ ला आयएनएस खुकरी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेलेच नाहीत. उंचावर मोकळी जागा, काचेत जहाजाची प्रतिकृती आणि समोर तोच समुद्र. तिथे बसल्यावर फार बोलवत नाही.

संध्याकाळी घोघल्याला, पुलापलीकडे. लांबच लांब वाळू, ओहोटीने पाणी खूप आत गेलेलं. ओल्या वाळूवरून चप्पल हातात घेऊन चालत राहिलो, परत यायला अंधार झाला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

निघालो. पुलावर समोरून गाड्यांची रांग, आजपासून वीकेंड आणि त्यात व्हॅलेंटाइन. बसमध्ये हिशेब केला: रेल्वे एकोणीसशे, बस सातशे, रूम चव्वेचाळीसशे, स्कूटी पेट्रोल धरून पंधराशे, खाणंपिणं एकतीसशे पन्नास, बोंबील सहाशे. बारा हजार दोनशे पन्नास. पावणेतीन हजार उरले. बोंबील तीन पिशव्यांत बांधून सॅकच्या तळाशी ठेवलेत तरी वास येतोय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

घरी. लेकीला होक्याचं फळ दिलं, तिने ते लगेच शाळेच्या दप्तरात टाकलं.

सासूबाईंनी बोंबलाची पिशवी उघडली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "ह्यांना हवे होते रे." मी ह्याच्याकडे बघितलं. तो दारातच उभा होता. मग आत आला, कात्री शोधली, आईंच्या समोर फरशीवर मांडी घालून बसला आणि बोंबलांची डोकी-शेपट्या कापायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "आई, बाबा तव्यावर भाजून खायचे ना, की चटणी जास्त आवडायची?"

त्या सांगायला लागल्या. मी चहा ठेवला.