आमची वाटचाल : देवळापुढे न वाजवलेलं गाणं

दापोली तालुक्यातल्या हर्णै-आंजर्ले पट्ट्यात बेंजो, म्हणजे खटके दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, म्हटलं की लोक आमच्या वाजंत्री पार्टीचं नाव घेतात. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. 2006 च्या शिमग्यात सुरुवात केली तेव्हा एक जुना बेंजो, एक कच्छी ढोल, उसना आणलेला ताशा आणि दोन भोंगे एवढंच सामान होतं. मी बेंजोवर, भागीदार ढोलावर. एकाच वाडीतले आम्ही. 2008 ला दोघांनी मिळून हप्त्यावर ऑक्टोपॅड, म्हणजे काड्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, घेतला. कर्जाच्या कागदावर सही माझी होती. ही सही लक्षात ठेवा.

2009 ते 2017 चांगली गेली. शिमगा, मे महिन्यातल्या हळदी, नारळी पौर्णिमा, गणपती. सुपाऱ्या येत होत्या, पोरांचे पैसे वेळेवर जात होते. त्यावर जास्त काय लिहायचं?

लिहायचं आहे ते गाण्यांबद्दल. गाणारा निदान माइक तोंडापासून लांब धरू शकतो, एखादं कडवं गाळू शकतो. बेंजोवाल्याला ती सोय नाही. आम्ही शब्द वाजवत नाही, नुसती चाल वाजवतो, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. दुहेरी अर्थाच्या गाण्याची चाल सुरू झाली की शब्द समोरचे लोक म्हणतात. दहा वर्षांची पोरं म्हणतात, हळद लावायला आलेल्या मुली म्हणतात. मी खटके दाबतोय आणि माझ्या बोटांखालून निघालेली ओळ एक लहान मुलगी मोठ्याने म्हणतेय, तिची आजी बाजूला खुर्चीवर बसलेली. अशा वेळी मी मान वर करत नाही, खटक्यांकडे बघून वाजवतो. या धंद्यातल्या प्रत्येकाने असं वाजवलेलं आहे. कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतोय.

त्यात ही गाणी चार-पाच सुरांत संपतात. ज्याने पहाटे उठून काळी दोनच्या पट्टीत भूप राग घोटलाय, त्याने रात्री 8 ते 10 तेच चार खटके दाबायचे. मनगट दुखत नाही, मन दुखतं.

तरी नवीन पोरांना माझं सांगणं आहे, विचारलं नसलं तरी. नको असलेलं गाणं वाईट वाजवून राग काढू नका. ठेका सैल सोडू नका. ज्याने विसार दिलाय त्याच्या घरचं कार्य आहे ते, आणि सूर लागला नाही तर बदनाम पार्टी होते, गाणं नाही. मी लाजेने मान खाली घालून वाजवलं असेल, बेसूर कधी वाजवलं नाही.

आमचा नियम एकच होता. हळदीत, वरातीत, गच्चीवर मागाल ते वाजवू. पालखीपुढे, देवळापुढे आणि विसर्जनाच्या वाटेवर नाही.

2018 च्या मे महिन्यात खाडीपलीकडच्या एका गावात वरात होती. नवरदेवाच्या दोस्तांनी त्या वर्षीचं एक गाणं सात वेळा वाजवून घेतलं. सातही वेळा वाजवलं. मग वरात ग्रामदेवतेच्या देवळापुढे नारळ द्यायला थांबली आणि त्यांनी आठव्यांदा तेच मागितलं. मी तार छेडायची नखी खिशात टाकली. म्हटलं, नारळ होऊ दे, वरात वळणावर गेली की पुन्हा वाजवतो. एकाने जनरेटर बंद केला. एवढा आवाज चालू असताना एकदम सगळं गप्प झालं की कानात कसं होतं, ते वाजवणाऱ्यालाच कळेल. शिवीगाळ झाली, एका पोराचा शर्ट फाटला. राहिलेले पैसे मिळाले नाहीत. टेम्पोचं भाडं आणि पोरांची मजुरी मी घरातून दिली.

परतताना टेम्पोत भागीदार म्हणाला, "एक गाणं होतं रे. वाजवलं असतंस तर काय गेलं असतं?" मी म्हटलं, नियम दोघांनी मिळून केलाय. तो म्हणाला, "नियमावर घर चालत नाही." त्याचंही घर होतं, हे मला मान्य आहे. पण गणपतीच्या तोंडावर तो चार पोरं घेऊन गेला आणि जवळच नवी पार्टी काढली. बॅनरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मागाल ते वाजवू'. ते कोणाला उद्देशून होतं, हे सगळ्या तालुक्याला कळलं. ऑक्टोपॅड माझ्याकडे राहिला, कारण सही माझी. त्याचा स्टँड आणि पेडल त्याने नेलं. ते अजून त्याच्याकडेच आहे.

पुढची दोन वर्षं त्याने आमच्या निम्म्याहून जास्त सुपाऱ्या नेल्या. जी मंडळं दहा वर्षं आम्हाला बोलवत होती त्यांनी सांगितलं, "मास्तर, तुम्ही सोवळ्यात वाजवता, पोरांना मजा येत नाही." सोवळ्यात? तीच गाणी मी यांच्याच हळदीत रात्र-रात्र वाजवली होती. एका गावच्या पालखीपुढे आमची बारा वर्षांची जागा त्याला गेली आणि तिथे त्याने काय वाजवलं ते मी स्वतः ऐकलं. नाव घेत नाही. गुरवांनी मान फिरवली होती, तेवढं सांगतो.

मग 2020. शिमगा झाला आणि पंधरवड्यात लॉकडाऊन लागला. मे कोरडा गेला. 3 जूनला निसर्ग वादळ आलं. सामानाच्या खोलीचे पत्रे उडून शेजारच्या बागेत पडले, बागेत उभी पोफळ राहिली नाही. ढोलांची चामड्याची पानं फुगली, मिक्सरमध्ये पाणी गेलं, बेंजोची लाकडी पेटी सांध्यात उकलली. कित्येक दिवस वीज नव्हती, त्यामुळे काय चालू आहे आणि काय मेलंय तेही कळेना.

समुद्राकाठी वाद्य सांभाळणं सोपं नाही. खारी हवा तार खाते. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं. खोबरेल नको, चिकटा धरतं. पावसाळ्यात कपाटात 40 चा बल्ब चोवीस तास चालू ठेवायचा. नखी मी बरणीच्या झाकणाची कापतो, विकतची फार लवचिक असते. आजकाल काही जण बेंजोला हलकं समजतात, म्हणून सांगतो. हे वाद्य जपानच्या ताईशोगोतोवरून आपल्याकडे आलं, आणि ते नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने 1912 साली बनवलं. टाइपरायटरसारखे खटके त्याचेच. शंभर वर्षांवर टिकलेली वस्तू आहे, पोरखेळ नाही.

त्या जूनमध्ये मी पार्टी बंद करायचं ठरवलं होतं. तेव्हा हर्णै बंदरातले आमचे नाखवा आले. 2007 पासून यांची नारळी पौर्णिमा आमच्याकडे. त्यांच्या स्वतःच्या घरावर ताडपत्री होती, होडीचा नाळेकडचा भाग फुटला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पाच हजार त्यांनी ओट्यावर ठेवले. "पौर्णिमेचा विसार." मी म्हटलं, नाखवा, यंदा मिरवणूक कुठली निघायला? ते म्हणाले, "यंदाची कोण म्हणतो? निघेल तेव्हाची." त्या पैशांत पेटी सांधली, तारा बदलल्या, दोन ढोलांना पानं घातली.

आता खरं सांगायचं ते हे. या नाखव्यांची एकच फर्माईश असते आणि ते गाणं मला पहिल्या दिवसापासून लाज आणतं. त्यांच्या तरुणपणचं, होडी आणि वल्ह्यावरून भलतंच सुचवणारं. पहिल्या वर्षी मी भागीदाराला म्हटलं होतं, हे नको. त्यानेच मला समजावलं आणि ठेका धरला. नाखवा नारळ सोन्याच्या कागदात गुंडाळून बायकोच्या हातात देतात, कमरेचा रुमाल सोडून डोक्याला बांधतात आणि दोघं समोरासमोर नाचतात. काकी हसून तोंडाला पदर लावतात, पण पाय थांबत नाहीत. चाल मला अजून ओशाळवाणी वाटते, त्या दोघांकडे बघताना मात्र तसं वाटत नाही. तिथे मी मान वर करून वाजवतो. बंदरावर पोचलो, नारळ सोडायची वेळ आली की मी न सांगता थांबतो. नाखव्यांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही.

आज पार्टीत नऊ जण आहेत. तीन नवीन, त्यातली एक मुलगी ताशावर. 2018 ला गेलेल्या चौघांपैकी दोघं परत आले, त्यांना मी काही विचारलं नाही. भागीदार आला नाही. दापोलीत साऊंडच्या दुकानात गाठ पडते, मान हलवतो, मीही हलवतो.

नाखव्यांचे गुडघे आता गेलेत. गेल्या पौर्णिमेला ते खुर्चीवर बसून होते आणि काकी एकट्या नाचल्या. गाणं संपल्यावर नाखव्यांनी मला जवळ बोलावलं. "मास्तर, ढोलाला पहिल्यासारखी मजा नाही." मी म्हटलं, वाजवणारा वेगळा आहे. ते म्हणाले, "माहीत आहे. त्याला बोलवा."

स्टँड आणि पेडल घेऊन येणार असेल तर बोलावतो.