सायकलचं सरळ हँडल काढून मागे वळलेलं हँडल: फिटिंगची नोंद

मूळ हँडल 640 मिमी, बॅकस्वीप (टोकं मागे वळण्याचा कोन) 5 अंश, स्टेम (हँडल धरणारा पुढचा दांडा) 60 मिमी. तक्रार एकच: तासाभराने करंगळी आणि अनामिका बधिर. म्हणजे भार तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर येतोय. अंगठा-तर्जनीत मुंग्या येत असत्या, तर आधी मनगट किती मुडपतंय ते पाहावं लागलं असतं.

निवडलेलं हँडल 660 मिमी, बॅकस्वीप 30 अंश. विकत घेण्याआधी दोन मापं घ्यायची. पहिलं, स्टेम जिथे धरतो तिथला मधला व्यास. 25.4 आणि 26.0 मिमी शेजारी ठेवले तरी डोळ्यांना फरक कळत नाही. पण 26 चं हँडल 25.4 च्या स्टेममध्ये दाबून बसवलं, की फेसप्लेटवर (स्टेमच्या पुढच्या झाकणावर) ताण येतो आणि कधीतरी ती तडकते. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं कॅलिपर) लावाच. दुसरं, टोकाकडचा सरळ भाग. ग्रिप 130 मिमी, शिवाय ब्रेक आणि गिअर-शिफ्टरचे क्लॅम्प: 170 मिमी तरी सरळ हवेत, नाहीतर लिव्हर हँडलच्या वळणावरच चढते.

ग्रिप काढायला काडीने फट करून आत आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं. तेल नको. ते उडून जात नाही, मग ग्रिप मुठीत फिरत राहते.

पहिली चाचणी फसली. मनगटं सुखावली, पण ग्रिप बऱ्याच मागे आल्याने पाठ उगाच ताठ, आणि उभं राहून पेडल मारताना गुडघे हँडलला लागायला लागले. उपाय: 90 मिमी स्टेम. इथे क्रम महत्त्वाचा. आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल, मग वरच्या टोपीचा बोल्ट हेडसेटमधला (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगमधला) खुळखुळा जाईपर्यंतच आवळायचा, चाक सरळ रेषेत आणून शेवटी बाजूचे बोल्ट पक्के. वरचा बोल्ट स्टेम धरून ठेवत नाही, फक्त बेअरिंग दाबतो. तो आवळत बसलं तर हँडल जड फिरतं, एवढंच.

फेसप्लेटचे चार बोल्ट तिरपे-आलटून, प्रत्येक वेळी पाव फेरी. स्टेमवर 5 न्यूटन-मीटर छापलं होतं, तेवढंच. वरची-खालची फट सारखी दिसली पाहिजे (फेसप्लेटच्या खुणेनुसार वरची फट बंद ठेवावी लागते असेही स्टेम असतात, आधी वाचा).

ब्रेक लिव्हर आडव्यापासून साधारण 35 अंश खाली. बोटं लिव्हरवर ठेवल्यावर हाताची आणि मनगटाची रेष मोडू नये. मग हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवलं. उजवीकडे मागच्या ब्रेकची केबल ताणली जात होती. आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) 40 मिमी लांब करून घेतल्यावर सुटली.

करंगळी आता दोन तासांपर्यंत शाबूत. उरलेलं काम: सीटचं नाक एखादा अंश खाली झुकलंय. त्यामुळे अंग पुढे घसरून भार परत हातांवर येतो. पुढच्या नोंदीआधी ते सपाट करायचं.