तीन गावं, एकच आकडा

सकाळी फोन आला. "साहेब, कॉम्प्युटर बदलल्यापासून मशीन दिसतच नाही. विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या काल दुपारपासून फ्रिजमध्ये आहेत." नायट्रेटचा नमुना आम्ल न घालता ठेवला असेल तर ४८ तासांत तपासावा लागतो. बारा वाजेपर्यंत मी मराठवाड्यातल्या त्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पोचलो.

स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे पाण्यात किती प्रकाश शोषला जातो ते मोजणारं मशीन, बारा वर्षांचा. केबल काढून मी आधी तो एकटाच चालवून पाहिला. आतल्या ड्युटेरियम दिव्याची ६५६.१ नॅनोमीटरची रेषा जागेवर होती, तपासणीसाठी लावलेल्या होल्मियम काचेच्या फिल्टरचं शिखर ३६१ च्या जवळच आलं. मशीन ठणठणीत! एवढं न बघता झाकण उघडून आरशांना हात लावणारे लोक मी पाहिलेत, त्याचा मला फार राग येतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसत होता. जुन्या मशीनला नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट लागतो, नव्या कॉम्प्युटरला तो नसतो, म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर. त्यातली चिप इतकी जुनी की नवा ड्रायव्हर तिला चालूच करेना. माझ्या बॅगेतला दुसरा कन्व्हर्टर लावला. त्याला पोर्ट मिळाला १२ नंबरचा, आणि सॉफ्टवेअर ओळखतं फक्त १ ते ४. तो बदलून ३ केला. मग कन्व्हर्टरच्या टोकाच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेनं जोडून की-बोर्डवर एक अक्षर दाबलं. तेच अक्षर पडद्यावर परत आलं, म्हणजे तिथवरचा रस्ता मोकळा होता. केबल लावली, वेग ९६०० ठेवला, आणि मशीन बोलू लागलं.

मी चहा घेऊन निघायच्या तयारीत होतो. तेवढ्यात बाटल्या मोजणाऱ्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी हाक मारली.

"हे बघा. तीन वेगळ्या गावांचं पाणी तिसऱ्या दशांशापर्यंत सारखं कसं असेल?"

नायट्रेट ज्या २२० नॅनोमीटरला मोजतात, तिथे तिन्ही रीडिंग ०.४१२. क्युव्हेट, म्हणजे नमुना भरायची छोटी पारदर्शक कुपी, धुऊन त्यात डिस्टिल्ड वॉटर भरायला सांगितलं. तरीही ०.४१२! माझ्या पोटात खड्डा पडला. क्युव्हेट धुण्यात, बाटली हलवण्यात जो वेळ जात होता तेवढ्यात विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवत होतं, आणि सॉफ्टवेअर चूक न दाखवता शेवटचाच आकडा पुन्हा लिहीत होतं. 'मशीन जोडलेलं नाही' एवढं सांगणारं सॉफ्टवेअर त्यापेक्षा हजारपट बरं. मॅडमचं लक्ष गेलं नसतं तर ते आकडे तसेच अहवालात गेले असते.

पॉवर मॅनेजमेंटमधली पोर्ट झोपवू देणारी टिक काढली, पॉवर प्लॅनमधला यूएसबी सस्पेंडही बंद केला. मग मुद्दाम वीस मिनिटं काहीच न करता बसलो. डिस्टिल्ड वॉटर पुन्हा लावलं, शून्य आलं. शेवटच्या खात्रीच्या स्टँडर्डपासून (नायट्रेटचं प्रमाण आधीच माहीत असलेलं द्रावण) पुढच्या सगळ्या बाटल्या नव्यानं मोजल्या.

त्या तीन बाटल्यांतली एक इतकी वर गेली की पातळ करून मोजावी लागली. हिशोब लावल्यावर लिटरला ६८ मिलिग्रॅम नायट्रेट आलं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५. अडकलेल्या आकड्यानं तेच पाणी आरामात पास झालं असतं.

साडेसहा वाजले होते. मॅडमनी रजिस्टरमधल्या चुकीच्या नोंदींवर रेघ मारून सही केली आणि लगेच ग्रामसेवकांना फोन लावला. "अहवाल उद्या येईलच, पण त्या विहिरीचं पाणी आजपासून तान्ह्या बाळांना देऊ नका म्हणावं. आणि उकळूनही चालणार नाही, हे नीट सांगा."