पंचहौदापाशी

रविवार, रात्री साडेदहा

कुकरच्या शिट्टीसाठी गुरुवार पेठेत गेलो. दुकान बंद. आज रविवार, हे डोक्यातच नव्हतं. परतताना पवित्र नाम देवालयाच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, घंटाघराखाली स्कूटर लावून जरा थांबलो.

पंचहौद म्हटलं की पुणेकराला चहा आठवतो. १८९० साली रानडे-टिळक इथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा प्यायले आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. मला मात्र फादर नेहेम्या गोरे आठवले, म्हणजे नीळकंठशास्त्री. आईचं माहेर गोऱ्यांचंच. त्यांचा विषय निघाला की आजोबा अडकित्ता उचलून सुपारी कातरायला लागत. विषय तिथेच संपे.

जन्म १८२५चा, झाशीकडचा, शिक्षण काशीत. मिशनऱ्यांना गप्प करायचं म्हणून हा चित्पावन पोरगा त्यांच्याशी वाद घालायला गेला. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृत पंडिताने ख्रिस्ती धर्माच्या बाजूने लिहिलेल्या संस्कृत पुस्तकाला विशीच्या उंबरठ्यावर संस्कृतातच उत्तर लिहिलं. आणि वाद घालता घालता स्वतःच पलीकडे गेला! १८४८ साली बाप्तिस्मा, तोही काशीत नाही, जौनपुरात. १८६०मध्ये षड्दर्शनांचं, म्हणजे हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहा शाखांचं, खंडन हिंदीत छापलं. पूर्वपक्षही त्यांचाच, उत्तरपक्षही त्यांचाच. वकिली केली असती तर दोन्ही अशिलांकडून फी मिळाली असती.

त्याची किंमत घरानेही मोजली. बायको १८५३त गेली, तान्ही लक्ष्मी इंग्रज कुटुंबांत वाढली. आजोबांच्या सुपारीत हे कुठे बसत होतं, देव जाणे.

अँग्लिकन धर्मगुरूची दीक्षा मिळाली १८७०मध्ये, बाप्तिस्म्यानंतर तब्बल बावीस वर्षांनी. पुढे काउली फादर्स या अँग्लिकन संन्यासी संघात उमेदवार म्हणून राहिले, ऑक्सफर्डला जाऊन आले, पुण्यातही होते. पण संघाचं कायमचं व्रत शेवटपर्यंत घेतलं नाही. मला हेच विलक्षण वाटतं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, त्यात या माणसाच्या युक्तिवादाचा मोठा वाटा. दुसऱ्याची खात्री पटवणारा हा तर्कपंडित स्वतःच्या शंकांना मात्र जन्मभर उत्तरं देत बसला. श्रद्धा बदलली, खोड तीच. १८९५ला मुंबईत गेले.

घरी आल्यावर आईला फोन केला. कुठे थांबलो होतो ते सांगितलं, गोरेशास्त्र्यांचं नावही घेतलं.

पलीकडे क्षणभर शांतता.

"बरं, शिट्टी मिळाली का?"